रक्ताचा जमाखर्च



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला निमंत्रण धाडले तेव्हा आम्ही किमान वेतनावर, नाहीतर नव्या कामगार संहितांवर बोलू, अशी त्यांची समजूत होती. आम्ही उलट टपाली विषय कळवला तो रक्तक्षयावरच्या झाडपाल्याच्या उपायांचा. "कामगार पुढारी आता आजीबाईचा बटवा घेऊन बसणार की काय?" असे कोणी म्हणाल्याचे आमच्या कानावर आले. म्हणणाऱ्याचा आम्हांला राग नाही. बटवा आम्ही आणलाच आहे. फक्त त्यातली पुडी कोणाच्या हाती देण्याआधी ती तराजूत घालून पाहावी, एवढा आमचा आजचा हट्ट आहे; कारण न तोलता पुडी वाटण्याचे पाप आमच्या हातून एकदा घडलेले आहे. ते कसे घडले ते योग्य जागी सांगू.

आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण सूतगिरणीतल्या तिसऱ्या पाळीने आणि नगर वाचनालयाने केले. अन्नातल्या लोहाचे जे आकडे आज सांगू, ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांच्या आधाराने सांगू. त्यांवर आम्ही जो गुणाकार-भागाकार केला तो मात्र आमचा आहे, आणि चुकला असेल तर सभा संपल्यावर कान धरावा.

आमच्या कामाचा एक भाग तासगावकडे आहे. तेथे बेदाण्याच्या हंगामात शेकडो बायका निवडणीला बसतात. पिवळा बेदाणा, हिरवा बेदाणा, काळी मनुका असा माल पुढ्यातून सरकत असतो आणि बाईचा हात काडी, खडा, फुटका दाणा बाजूला करीत असतो. सकाळी बसलेली बाई दिवस मावळायला उठते. आता गंमत पाहा. शहरातल्या घराघरांतून रात्री दहा काळ्या मनुका पाण्यात भिजत घालण्याची चाल आहे. सकाळी त्या चावून खायच्या, वर ते पाणी प्यायचे. म्हणजे रक्त वाढते. आणि त्या मनुका ज्या हातांनी निवडल्या त्या बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहावी, तर आतून चुन्यासारखी पांढरी! दोन जिने चढताना तिला धाप लागते. संध्याकाळी पायांत गोळे येतात. काही जणींना माती खावीशी वाटते, पाटीची पेन्सिल खावीशी वाटते. विचारले तर म्हणतात, "काय न्हाई दादा, उन्हाचं जरा भोवळ येतीय."

मालक दाणा तोंडात टाकू देत नाही असे नाही. त्याबद्दल कोणी हात धरीत नाही. पण दहा मनुकांचे वजन पाच-सहा ग्रॅम आणि त्यांतले लोह अर्धा मिलिग्रॅमही नाही. बाईची दिवसाची गरज सरकारी शिफारशीप्रमाणे २९ मिलिग्रॅम आहे. तेव्हा मनुकांच्या डोंगरावर बसूनही बाई फिकी का, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. दहा मनुकांनी ज्याचे रक्त वाढले असे वाटते, त्याचे दुसरे जेवणही बरे असते, इतकाच त्याचा अर्थ.

हा रक्ताचा जमाखर्च नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या सबंध शरीरात लोह असते ते तीन-चार ग्रॅम. सुताराच्या एका खिळ्याएवढे म्हणा. त्यातले बहुतेक तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये कामाला लागलेले असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडीत निघाली की शरीर तिचे लोह टाकून देत नाही. भंगार वितळवून नवी यंत्रे ओतावीत तसे रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह जुन्या पेशींतून काढून नव्यांत घालते. यामुळे बाहेरून नवे लोह लागते ते दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच. इतका काटकसरी कारखाना आम्ही दुसरा पाहिलेला नाही.

मग गरज २९ मिलिग्रॅम का सांगतात? कारण आपल्या ताटातले लोह वनस्पतींचे असते, आणि त्यातले शंभरातले पाच-आठ भागच आतड्याच्या भिंतीतून आत जातात. बाकीचे आले तसे निघून जाते. मटणात, कलेजीत जे लोह असते ते याच्या काही पटींनी सहज शोषले जाते. ज्यांच्या घरी चालते आणि ज्यांना परवडते त्यांनी ते जरूर खावे. आजचा विषय पाल्याचा आहे म्हणून तेवढे सांगून पुढे जातो.

खर्चाची बाजू बाईची जड असते. मासिक पाळीत महिन्याकाठी पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह जाते. एका गरोदरपणाचा हिशेब सुमारे एक हजार मिलिग्रॅमचा आहे. अनवाणी पायांनी ओल्या शेतात काम करणाऱ्याच्या आतड्यात आकडीचे जंत शिरले तर ते रोज रक्त पितात, ते वेगळेच. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले म्हणजे रक्तक्षय म्हणतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत ४८ जणी अशा निघाल्या. २०१९ ते २१ च्या पाहणीत ५४. देशाचा आकडा ५७. या सभागृहात डाव्या बाजूला ज्या भगिनी बसल्या आहेत त्यांनी रांगेने मोजून पाहावे.

आता बटवा उघडू.

पहिली पुडी बिटाची. बीट लाल, रक्त लाल, म्हणून बिटाने रक्त होते, असा हा न्याय आहे. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. डाळिंबात त्याहूनही कमी. रंगावरून गुण ओळखायचा तर विटेचा चुरा खावा लागेल. बीट वाईट नव्हे, कोशिंबिरीला उत्तम. पण आजारी माणसासाठी डाळिंबावर चारशे रुपये घालवणाऱ्या गरीब नातेवाइकाकडे पाहून आमचा जीव तुटतो.

दुसरी पुडी पालकाची. शंभर ग्रॅम पालकात सुमारे तीन मिलिग्रॅम लोह आहे, म्हणजे आपल्या गावठी भाज्यांहून कमीच. एका जर्मन शास्त्रज्ञाने दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिले म्हणून पालकाची कीर्ती दहापट झाली, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगतात. आम्हीही ती सभांतून मोठ्या चवीने सांगत असू. पुढे वाचनात आले की माइक सटन नावाच्या एका इंग्रज अभ्यासकाने २०१० साली त्या गोष्टीचा माग काढला आणि तिला काही आधारच सापडला नाही. अफवा खोडून काढणारी गोष्टही अफवाच असू शकते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

तिसरी पुडी हळिवाची, आणि ही वजनदार आहे. बाळंतिणीला हळिवाचे लाडू, हळिवाची खीर देण्याची आपली चाल उगीच पडलेली नाही. जुन्या पुस्तकांतून शंभर ग्रॅम हळिवात शंभर मिलिग्रॅम लोह असा आकडा वर्षानुवर्षे छापला गेला आहे. नव्या मापनात तो सतराच्या आसपास आला. सतरा हासुद्धा वनस्पतींत मोठाच आकडा आहे. पण हळीव कोणी शंभर ग्रॅम खात नाही. एका लाडवात फार तर दहा ग्रॅम. म्हणजे पावणेदोन मिलिग्रॅम लोह, आणि रक्तात उतरणार त्याचा दहावा हिस्साही नाही. गुळाच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅम. तेव्हा लाडू हा चांगला खाऊ आहे, त्यातले खोबरे आणि गूळ थकल्या अंगाला शक्ती देतात, हे सारे कबूल. औषध म्हणून त्याच्यावर भार टाकला तर तो पेलत नाही.

चौथी पुडी म्हणजे आमचा खरा जिव्हाळा. माठ, तांदुळजा, राजगिरा, मेथी, शेवग्याचा पाला. यांत शंभर ग्रॅमला साडेचार ते पावणेसहा मिलिग्रॅम लोह आहे. शिवाय घोळ, पाथरी, चाकवत, चुका, अंबाडी या भाज्या आहेतच. आमची आई भांगलणीला जाई तेव्हा यातल्या निम्म्या भाज्या बांधावरून, पिकातून फुकट येत. रोजगार पैशांत मिळे, आणि ओटीत तांदुळजा, घोळ, पाथरी यांची भर पडे. तीही मजुरीच होती, फक्त कोणी वहीत मांडीत नसे. आता भांगलणीच्या जागी तणनाशकाचा पंप आला. तण गेले, भाजी गेली आणि भांगलणीचे कामही गेले. बाई आता तीच माठाची जुडी बाजारात वीस रुपये देऊन आणते. नाहीतर आणीत नाही. आणि जुडी चुलीवर चढली की तिची मूठभर भाजी होते, ही गोष्ट घरोघरच्या बायकांना सांगायला नको. ती मूठ आधी पुरुषाच्या ताटात, मग पोरांच्या. कढईला जे चिकटून राहिले ते बाईने भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्यायचे. आमच्याही घरी हेच चाले, आणि आम्ही कामगारांच्या हक्कांवर भाषणे करून आल्यावर आधी जेवत असू.

भाजीचे इतके गुणगान झाल्यावर एक बेरीज मांडतो. पंचेचाळीस किलो वजनाची बाई. तिच्या अंगात सुमारे तीन लिटर रक्त. तिचे हिमोग्लोबिन आठ आहे, ते बारावर न्यायचे आहे. हिशेब केला तर एकशेवीस ग्रॅम हिमोग्लोबिन नव्याने घडवायचे आणि त्याला चारशे मिलिग्रॅम लोह रक्तात पोचवायचे. शंभर ग्रॅम पालेभाजीतून पोचते किती? शंभराला आठ धरले तरी एक मिलिग्रॅमचा तिसरा हिस्सा, किंचित अधिक. याप्रमाणे चारशे भरायला सुमारे तीन वर्षे लागतील, तीही त्या तीन वर्षांत पाळीचा एक थेंब गेला नाही असे धरून! सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या एका गोळीत साठ मिलिग्रॅम लोह असते. त्यातला दहावा हिस्सा जरी शोषला गेला तरी रोज सहा मिलिग्रॅम. चारशेला सव्वादोन महिने.

रोजचा घरखर्च भागवणे वेगळे आणि तुंबलेले कर्ज फेडणे वेगळे. भाजी-भाकरी हा घरखर्च आहे. त्याच्यावर कर्ज फेडायला निघाले तर व्याजही फिटत नाही.

ही साधी बेरीज आम्ही वेळेवर केली नाही, त्याची हकीकत आता सांगतो.

२०१४ च्या हंगामात बेदाण्याच्या एका शेडवर मजुरीवाढीसाठी आमची चळवळ चालू होती. मालकाने मजुरी वाढवली नाही. आरोग्य शिबिर मात्र भरवले. बायकांची बोटे टोचून रक्त पाहिले, लोहाच्या गोळ्या वाटल्या आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रात छापून आणली. आम्हांला संताप आला. तो चुकीचा होता असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण संतापाच्या भरात आम्ही एक पत्रक काढले. त्याचा मथळा होता, "गोळ्या नकोत, भाकरी द्या." टाळ्या पडल्या. सभेत आम्ही पुढे सांगितले की रक्त गोळ्यांनी होत नाही, ते अन्नाने होते. हळीव खा, बीट खा, मनुका तर तुमच्या पुढ्यातच आहेत. बायकांनी गोळ्यांची पाकिटे शेडमागच्या गटारात टाकली. तो आम्हांला लढ्याचा विजय वाटला.

त्या बायकांत एक पाचव्या महिन्याची सून होती. शिबिरात तिचे हिमोग्लोबिन साडेसात निघाले होते. ते आम्हांला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेण्याची गरजच आम्हांला वाटली नव्हती. तिने आमचे शब्दशः ऐकले. सासूने पदरमोड करून हळीव आणले, आठवड्याच्या बाजारातून बीट आणले. सातव्या महिन्यात ती शेडमध्येच कोसळली. दवाखान्यात नेले तेव्हा आकडा सहाच्या आत आला होता, कारण पोटातले मूल वाढत होते आणि ते आईच्या साठ्यातून आपला हिस्सा घेत होते. दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. मूल अपुऱ्या दिवसांचे झाले, वजन दोन किलोंच्या आत. वाचले. आई वाचली.

आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. तिची सासू शेजारी येऊन बसली. रागावली नाही, हेच फार जड गेले. म्हणाली, "दादा, तुमचा कागद आमी वाचला न्हाई. आमाला कुटं वाचाया येतंय! पर तुमी बोलला त्ये ऐकलं."

मागणी खरी होती. भाकरी हवीच होती. पण भाकरी मिळेपर्यंत गोळी टाकून द्या, हे सांगण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला होता? संपाच्या काळात घरात रेशन भरून ठेवा असे आम्ही कामगाराला सांगतो. आणि त्या बाईच्या अंगातला साठा संपला असताना तिला मात्र उपाशीपोटी संपावर बसवले. त्या हंगामापासून आम्ही ही कोष्टके वाचायला लागलो.

आता कोणी म्हणेल, मग झाडपाला निकामीच ठरला. नाही, अध्यक्षमहाराज. उलट त्याची थोरवी आम्हांला त्यानंतरच कळली. ती थोरवी मुंबईतल्या गिरणगावाच्या इतिहासाशी जोडलेली आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

१९२८ साल आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांना मुंबईच्या गिरण्यांतल्या सहा महिन्यांच्या संपामुळे पाठ असते. त्याच वर्षी लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. मुंबईतल्या गरीब गरोदर बायका, त्यांत गिरणीत राबणाऱ्याही, एका जीवघेण्या रक्तक्षयाने दगावत होत्या. जंतू सापडेना. विल्सबाईंनी तळपदे नावाच्या आपल्या सहकाऱ्यांसह या स्त्रियांच्या राहणीची आणि ताटाची पाहणी केली. त्यांना दिसले की ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे, दूध नाही त्यांनाच हा रोग गाठतो. पुढे यीस्टच्या अर्कापासून केलेले मार्माइट नावाचे स्वस्त खाद्य या बायकांना दिले, तो त्यांचे रक्त झपाट्याने भरून आले. १९३१ साली हे प्रसिद्ध झाले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य कोणते हे तेव्हा कळले नव्हते. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालक गाळून ते वेगळे काढले गेले आणि पानातून निघाले म्हणून लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल ठेवले. आज गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला हेच आम्ल असते. म्हणजे पालकाने रक्त वाढते, हे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. फक्त त्याचे कारण लोकांनी भलतेच धरले होते. पालक लोहात मागे आहे, फॉलिक आम्लात नाही. आणि ज्या गोळीला आम्ही गटारात टाकायला लावले तिचे एक मूळ परळच्या उपाशी बायकांच्या रक्तात आहे, हे आम्हांला त्या वेळी माहीत असते तर बरे झाले असते.

जुन्या वैद्यांचेही असेच. चरकसंहितेत पांडुरोगाचा विचार आहे. पांडुरोगावर पुनर्नवा चालते असे म्हणून लोक घेटुळीची भाजी खातात. खावी. पण वैद्य जे पुनर्नवामंडूर देतात त्यात मंडूर आहे, म्हणजे लोखंडाचा जुना गंज चढलेला मळ. धात्रीलोहात आवळा आहे आणि लोहही आहे. झाडपाल्याचा म्हणून ज्याचा डंका वाजतो त्या औषधात पाल्याच्या आडून लोखंडच काम करते. नुसत्या पाल्यावर भरवसा त्या वैद्यांनीही ठेवला नव्हता.

तर मग रोजच्या ताटात काय करावे? आमचा अनुभव आणि वाचन असे सांगते की आपल्या माणसाचे लोह मुख्यतः भाजीतून नव्हे, भाकरीतून येते. बाजरीत शंभर ग्रॅमला सव्वासहा मिलिग्रॅमहून अधिक, नाचणीत साडेचार, ज्वारीत चार. आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळात एकही नाही. बाजरी सोडून भातावर आलेल्या घराने लोहाचा मोठा वाटा न कळत गमावला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने 'धनशक्ती' नावाचे जास्त लोहाचे बाजरीचे वाण काढले. अशा जास्त लोहाच्या बाजरीच्या भाकरी आणि शेव महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना सहा महिने खाऊ घातली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की ज्या मुलांत लोह कमी होते त्यांचा साठा भरून येण्याची शक्यता साध्या बाजरीवरच्या मुलांहून दीडपटीपेक्षा जास्त ठरली. मुले काही औषध खात नव्हती, भाकरी खात होती.

पण धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे एक द्रव्य असते, ते लोहाला घट्ट धरून बसते. त्याची पकड सोडवण्याच्या युक्त्या आपल्या आज्यांनी शास्त्र न वाचता साधल्या होत्या. मटकीला मोड आणले की फायटेट घटते. ज्वारी-नाचणीचे पीठ रात्रभर आंबवून आंबील केली की घटते. या उन्हाळ्यात आंबील ज्यांच्या घरी अजून होते त्यांनी तिला गरिबीची खूण समजून लाजू नये.

दुसरी युक्ती क जीवनसत्त्वाची. आंबट फळ जेवणासोबत खाल्ले की वनस्पतीतले लोह विरघळून शोषले जाते. हैदराबादच्याच संस्थेने किशोरवयीन मुलांना भाताच्या जेवणासोबत शंभर ग्रॅम पेरू देऊन पाहिला. लोहाचे शोषण सुमारे दुप्पट झाले. तेच अन्न, तेवढेच लोह, फक्त एक पेरू! लिंबू पिळावे, पण अर्ध्या लिंबाच्या रसात हे जीवनसत्त्व थोडके असते; पेरूच्या दोन फोडी किंवा एक आवळा त्याहून बराच पुढे जातो. सध्या कैरीचे दिवस आहेत. जेवताना कच्च्या कैरीची फोड घ्यावी. उकडून पन्हे केले की बरेच क जीवनसत्त्व उडून जाते. चिंच आणि आमसूल आंबट असली तरी या कामात कैरीच्या मागेच.

तिसरी गोष्ट भांड्यांची. १९९९ साली इथिओपियातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरांत लोखंडी भांड्यांत शिजवीत तेथील मुलांत रक्तक्षय कमी आढळला, ॲल्युमिनियमच्या भांड्यांतले खाणाऱ्यांत जास्त. आपल्याकडे बिडाचा तवा आणि लोखंडी कढई माळ्यावर गेली, आणि तिच्या जागी न चिकटणारा तवा आला. आंबट भाजी लोखंडी कढईत केली की काळी पडते म्हणून सुना नाके मुरडतात. तो काळेपणा म्हणजेच लोह आहे. भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी म्हणजे झाले.

आणि चौथी गोष्ट चहा. येथे आम्ही खरी लढाई हरता हरता वाचलो.

जेवणासोबत घेतलेला चहा वनस्पतीतल्या लोहाचे शोषण निम्म्याहून खाली आणतो. दूध घातल्याने हा दोष जात नाही. तासाभराचे अंतर ठेवले तर बराच कमी होतो. शेडवर चहा यायचा दुपारी दीड वाजता, डबे बंद होता होता. मालकाच्या खर्चाने, आणि मालकाच्या औदार्याचा तेवढाच काय तो पुरावा. २०१८ च्या हंगामात आमच्या मागण्यांच्या यादीत मजुरी, हजेरीपुस्तक, पिण्याचे पाणी यांच्याखाली आम्ही कलम घातले: चहा दीडऐवजी तीन वाजता द्यावा. मालकाच्या बाजूचा मनुष्य हसला. त्याला वाटले यात काही तरी डाव असणार. त्याने दोन दिवस विचाराला मागितले.

खरा विरोध झाला तो आमच्याच सभेत. जेवणावर चहा नाही म्हणजे काय! एक जण उठून म्हणाली, "दादा, पगार वाढवून आनतो म्हनलासा, आन आता हातातला च्या पन काढून घेतायसा व्हय?" हशा पिकला. आम्ही लोह, फायटेट, शोषण असे बोलत राहिलो आणि सभा हातची जाऊ लागली. तेव्हा मागून ती सासू उठली. तिने भाषण केले नाही. आपल्या सुनेला किती बाटल्या रक्त लागले आणि ते द्यायला गावातून कोण कोण आले, तेवढी नावे तिने बोटांवर मोजून दाखवली. मग म्हणाली, "च्या कुटं पळून जातोय? तीनला पिऊ की." हात वर झाले. सगळे नव्हे, पुरेसे.

त्या सुनेबद्दल सांगायचे राहिले. ती आता कमिटीत आहे. गरोदर बाई शेडवर दिसली की तिला आधी रक्त तपासायला धाडते, आणि गोळ्यांनी मळमळते, शौचाला काळे होते म्हणून जी सोडून देते तिच्या पाठीस लागते. गोळी चहाबरोबर घेऊ देत नाही. गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही तर जंत आहेत का, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे का, हे बघायला डॉक्टरकडे पुन्हा ने, असेही सांगते; कारण ते रोग लोहाच्या कमतरतेचे नव्हेत आणि त्यांत लोह वाढवून उपयोग नाही. भाजीची निंदा मात्र ती करू देत नाही. यंदा तिने शेडच्या मागे, जेथे ते गटार होते तेथे, शेवग्याची दोन झाडे लावून घेतली आहेत. मालक म्हणाला, शेंगा माझ्या. ती म्हणाली, शेंगा न्या, पाला आमचा.

आम्ही शेडवर बोलायला उभे राहिलो की ती अजून विचारते, "दादा, आज काय खायाला सांगनार हाय? तोललंय न्हवं?"